डोळ्याचं तेल

मानोरा,
२१ नोव्हेंबर १९५४

गफ्फार,

खुशाली विचारत नाही. ती तुझ्या गल्ल्यात दिसतेच.

माझी धाकटी बहीण गोमती तुला माहीत आहे. दोन वर्षांमागे तिने तुझ्याही मनगटाला राखी बांधली आणि तू ओवाळणीत साबणाची वडी घातलीस, त्यावरून ती अजून हसते. तिची जमना आता पाच वर्षांची. दिवाळीपासून पोरीला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. दिवसभर शेळीमागे पळते आणि दिवेलागण झाली की भिंत धरते. परवा मी बसलो असताना ताटातली भाकर चाचपून शोधत होती. ताट तिच्या मांडीसमोर होतं. तिचा बाप हेमसिंग खडी फोडायला नांदेडकडे गेला आहे. तांड्यात तिच्या घरचं मोठं माणूस म्हणजे मीच, आणि मी चार मैलांवर मानोऱ्याला, शाळेत. रविवारी सायकल मारतो तेवढंच.

गेल्या आठवड्यात शेलूबाजारला गेलो होतो. जीपवर कर्णा लावून एक माणूस ओरडत होता, "आँख, दाँत, हड्डी, कमजोरी, सब का एक इलाज!" बाटलीवर सिंहाचा जबडा फाडणारा पैलवान. व्हिटॅमिनचं टॉनिक म्हणे. पावणेसहा रुपये! माझा पगार तुला ठाऊक आहे. तरी घेतलं. आठ दिवस पोरीला पाजलं. पोरगी दुपारीच झोपून जाते, गाल लाल होतात, आणि संध्याकाळी भिंत ती भिंतच. शेवटी तांड्याच्या नायकाच्या म्हाताऱ्या आईने, रामीबाईने, चमचाभर चाखून पाहिलं. म्हणाली, "मास्तर, हे तं मोहाचीच हाय. वरून साखर टाकेल हाय." पाच वर्षांच्या पोरीला मी पदरचे पैसे घालून दारू पाजत होतो!

आता सांग, या बाटल्यांमधली चांगली कोणती आणि आमच्यासारख्याला परवडेल अशी कोणती? मंगरूळपीरला तुझं दुकान आहे, औषधं विकतोस. दोस्त म्हणून सांग, दुकानदार म्हणून नको. तुझ्याही फळीवर तोच पैलवान मी पाहिला आहे. म्हणून विचारतानासुद्धा दातओठ खातो आहे.

लखीराम


मंगरूळपीर,
२५ नोव्हेंबर १९५४

लख्या मास्तर,

सलाम-दुआ मागाहून. आधी शिव्या घे.

दुसऱ्यांच्या पोरांना वाचन शिकवतोस आणि स्वतःला बाटली वाचता येत नाही! कर्णा ऐकून औषध घेणारा माणूस मास्तर कसा झाला, हे तुला पास करणाऱ्याला विचारायला हवं. आणि हो, पैलवान मी विकतो. रोज दोन-तीन जातात. गिऱ्हाईक बोट दाखवून मागतं. मी नाही म्हटलं तर समोरच्या दुकानातून घेतं आणि वर मलाच हसतं. बायको-लेकरं मलाही आहेत. पण तू गिऱ्हाईक नाहीस. तू आधी मला का विचारलं नाहीस?

नीट ऐक. पैलवानाकडे पाहायचंच नाही, त्याच्या खालची बारीक अक्षरं पाहायची. आत काय आहे आणि किती आहे, हे आकड्यात लिहिलं नसेल तर बाटली परत ठेव. कारखान्याचा धड पत्ता नसेल, तारीख नसेल, बुचावरची लाख फुटलेली असेल, तरी परत ठेव. सगळ्या रोगांवर चालतं असं लिहिलं असेल तर दुकानदाराच्या डोक्यात घाल. माझं दुकान सोडून. चित्र जितकं मोठं तितका पैसा चित्राचा. महाग म्हणजे चांगलं ही समजूत तुझ्यासारख्या पगारदारांनीच पसरवली आहे.

जमनाला जे झालंय ते रातांधळं. अंगात ए व्हिटॅमिन कमी पडलं की होतं. त्यावर समुद्रातल्या मुशी माशाच्या कलेजीचं तेल मिळतं. किंमत पावणेदोन रुपये. पांढरा साधा कागद, काळी अक्षरं, चित्र नाही, म्हणून कुणी घेत नाही. वास असा की तुझी लतीफाभाभी त्या बाटल्यांची पेटी घरात ठेवू देत नाही, अंगणात ठेवायला लावते. पण डोळ्याला याच्याइतकं खरं आणि स्वस्त दुसरं माझ्या फळीवर नाही.

लहान चमचाभर, दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, पोटात. पोरगी तोंड फिरवेल, नाक धरून पाज. जास्त देऊ नको, चांगल्या औषधालाही हद्द असते. एक बाटली महिनाभर पुरते. शेवग्याचा पाला फोडणी घालून रोज खाऊ घाल. बकऱ्याची कलेजी मिळाली तर उत्तमच, माझी अम्मी रातांधळ्याला तेच द्यायची.

दोन बाटल्या मानोऱ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर मोहनसिंग याच्याकडे दिल्या आहेत. पैसे पाठवलेस तर परत पाठवीन, राखीचं धर. ही चिठ्ठी गोमतीला वाचून दाखव. पूर्ण वाच, तुझ्या सवयीप्रमाणे सारांश सांगू नको.

गफ्फार


मानोरा,
९ जानेवारी १९५५

गफ्फार,

तुला रामराम लिहायला माझा हात उठत नाही.

तुझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. सहा आठवडे! गोमतीने एक दिवस चुकवला नाही, जमनाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आणि पोरीचं काय झालं? डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका आला आहे. बुबुळाची चमक गेली. आता ती दिवसासुद्धा तो डोळा मिटून बसते. आज मी हाक मारली तर आवाजाच्या दिशेने तोंड केलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला पाहिलं. शेळीमागे पळणारी पोरगी दारात बसून राहते.

तुझ्या दुकानदारीला आग लागो! मी तुला दोस्त म्हणून विचारलं होतं. सरकीच्या तेलात मासा धुऊन बाटलीत भरलास ना? बाटली वाचायला मला शिकवतोस, आणि आत काय भरलं ते कुणी वाचायचं? तांड्यात शिरलं की सडका वास नाकात बसतो. रामीबाई म्हणते, "कोनतं मढं उकळून राह्यले हे?" पैलवानाने निदान पोरीला झोप तरी दिली. तुझ्या तेलाने डोळा खाल्ला.

पाला अन् कलेजीच्या गप्पाही मला सांगू नको. गोमतीने दिवाळीनंतर पोहऱ्याच्या देवीला नवस बोलला आहे. पोरीचे डोळे येईपर्यंत तिच्या घरात मांस-मच्छी शिजणार नाही आणि कुणाच्या तोंडीही जाणार नाही. तुझी चिठ्ठी मी वाचली होती. गोमतीला जे सांगायचं ते सांगितलंही होतं. चूक आमच्याकडे शोधू नको.

आज मी तांड्यात सगळ्यांना सांगितलं, गफ्फारच्या दुकानाची पायरी कुणी चढायची नाही. तहसीलमध्ये अर्ज देणार आहे. शाळेत एका बाकावर बसलो होतो म्हणून इतके दिवस थांबलो.

लखीराम राठोड


मंगरूळपीर,
१३ जानेवारी १९५५

लखीराम,

तुझं पत्र लतीफाला वाचून दाखवलं नाही. तिने तुला जेवू घातलं आहे, तिला लाज वाटली असती.

अर्ज खुशाल दे. सोबत हेही लिही की त्याच पेटीतली एक बाटली मी रहमतुल्ला दर्जीच्या हुस्नाबानोला दिली. ती तिन्हीसांजेला उंबरा चुकायची, आता दिव्याच्या उजेडात बापाला सुई ओवून देते. आणि हेही लिही की तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भर दुकानात नवी बाटली फोडून दोन चमचे स्वतः प्यालो. सरकी आहे का पाहायला. सरकी नव्हती. दिवसभर एक गिऱ्हाईक माझ्याजवळ टेकलं नाही.

तुझ्या शिव्या मी दोनदा वाचल्या. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्या आणि भीती वाटली. अरे शहाण्या, एक बाटली महिनाभर पुरते. सहा आठवड्यांत दोन संपल्या म्हणतोस, म्हणजे पोरगी चमच्याने पितेय की वाटीने? आणि वाटीने पीत असती तर डोळा असा झाला नसता. तांडाभर वास सुटतो म्हणतोस. प्यालेल्या तेलाचा वास तोंडाला येतो, तांडाभर कसा सुटेल? तेल पोटात जात नाही. दुसरीकडे कुठेतरी जातंय.

आणि घरात मच्छी नाही असा नवस आहे, तर गोमतीने मुशीचं तेल पोरीला पाजायला हो कशी म्हटली? तू तिला काय सांगितलंस? या एका प्रश्नाचं उत्तर मला लिहून पाठव.

पत्र मिळताच सायकल काढ. संध्याकाळी जा, रविवारी दुपारी हजेरी लावल्यासारखा नको जाऊ. विचारू नको, ओरडू नको, दारात उभा राहून नुसता बघ. आणि जे दिसेल ते दिसो, पोरीला घेऊन इकडे ये. अकोल्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी सोबत येतो. फेसासारखा ठिपका आणि गेलेली चमक म्हणजे दिवस मोजायची वेळ आहे. आपलं भांडण मागाहून करू. मला पुष्कळ बोलायचं आहे.

गफ्फार


मानोरा,
१५ जानेवारी १९५५

गफ्फार,

तेल चांगलं होतं.

काल संध्याकाळी गेलो. वास झोपडीबाहेरच आला. आत गोमतीने मोठ्या पणतीत तुझं तेल घालून जाड वात पेटवली होती. वर तांब्याची थाळी उपडी धरलेली. थाळीवरची काजळी बोटाने खरवडून तुपात कालवत होती. जमना मांडीवर मान मागे टाकून पडलेली. दारात सहा-सात पोरं रांगेत बसली होती. काजळ घालून घ्यायला! तांड्यातल्या अकरा पोरांना ती रोज तुझ्या तेलाचं काजळ घालते. माह्या पोरीले आलं तसं दुसऱ्याच्या लेकराले नोको यायला, असं तिचं म्हणणं. पोटात एक थेंब गेला नाही. आपण दोघं एकमेकांना शिव्या देत होतो आणि सहा आठवडे तेल जळत होतं.

तू ओरडू नको लिहिलं होतंस. मी ओरडलो. पणती लाथेने उडवली. ती म्हणाली, "दादा, तूच तं म्हनला होता, डोळ्याचं तेल हाय, रोज चमचाभर." मी म्हटलं, डोळ्याचं म्हणून काय डोळ्यात घालशील? अकला गहाण टाकल्या का? अडाणी ती अडाणीच राहिलीस, आणि पोरीचा डोळा घालवलास! पोरं पळून गेली. गोमती सांडलेलं तेल पदराने पुसत बसली.

सांग, अशा अडाणीपणाला तुझ्या फळीवर औषध आहे का? माणूस वाचून, पारखून, स्वस्त आणि चांगली वस्तू घरी आणतो आणि घरात त्याचा दिवा लावतात.

मंगळवारी शाळा तपासायला साहेब येणार आहेत, त्याआधी मला निघता येत नाही. तू एक बाटली पाठव, मी स्वतः बसून पाजतो. मग पुढच्या आठवड्यात अकोल्याचं पाहू. नवसाचं विचारलंस, ते मी बघेन. त्यात तू पडू नको.

लखीराम


मंगरूळपीर,
२४ जानेवारी १९५५

लखीराम,

तुझ्या साहेबांची तपासणी नीट पार पडली असेल.

तुझी बहीण थांबली नाही. १६ तारखेला जमनाला पाठीशी बांधून चालत मोटारीपर्यंत गेली आणि मोहनसिंगला माझं नाव सांगून इथे उतरली. दुसऱ्या दिवशी मी आणि लतीफा तिला घेऊन अकोल्याला गेलो. डाव्या डोळ्यात फूल पडलं आहे. तो गेला. उजवा राहील. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणली असती तर दोन्ही राहिले असते. जमना रोज तेल पिते. नाक धरावं लागत नाही, ती स्वतःच धरते.

परवा मी गोमतीला तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. माझ्या नोव्हेंबरच्या चिठ्ठीची नक्कल नाही, पण काय लिहिलं ते मला पाठ आहे. मुशी, कलेजी, पोटात, जेवण झाल्यावर, यातला एकही शब्द तिने आधी ऐकला नव्हता. तिने बोचक्यातून रिकामी बाटली काढली. बाटली कोरी होती. मी विचारलं, "कागद कोठी गेला?" ती म्हणाली, "दादानं देली तवाच नव्हता."

मी बाटल्या कागदासकट दिल्या होत्या लखीराम. काचेवर चिकटलेल्या कागदाचे तुकडे अजून आहेत, नखाने खरवडल्यासारखे. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. आता नको देऊ.

पुढचं तिचं आहे. ती बोलली तसं लिहितो, एक अक्षर बदललेलं नाही.

"दादा, मी गोमती बोलून राह्यली.

तुले वाटलं, गोमतीचा नवस हाय, मच्छी म्हटलं तं बाटली फेकून देईन. म्हून, कोनी वाचून दाखवीन या भेवानं, तू कागद काढला. अन् मले इचारलं असतं तं? एक डाव इचारलं असतं तं, दादा! मी पोहऱ्याले जाऊन देवीले सांगतलं असतं, माय, नवस मोडला, कोप करशीन तं माह्यावर कर, पोरीवर नोको. ते बी लेकरायची माय हाय, तिनं ऐकलं असतं. नवस पोरीसाठीच बोलला होता ना मी? पोरीपरीस नवस मोठा कसा होईन? एवढं मले समजत नाही असं तुले काहून वाटलं?

तू सायकलवरून पाय बी खाली टेकला नाही. डोळ्याचं तेल हाय, रोज चमचाभर, असं म्हनला अन् चालला गेला. बूच काढलं तं वास नाकात शिरला. असं तेल लेकराच्या तोंडात कोन घालीन? आपल्या घरी डोळ्याचं औषध डोळ्यातच जाते. मायनं काजळ मले घातलं, तुले बी घातलं. मी चमचा मोजूनच घेतला, लोकायच्या लेकरायसाठी वेगळा घेतला. माह्या हातानं मी पोरीचा डोळा काळा केला, रोज, मांडीवर घेऊन. अन् तू लाथ मारून मलेच अडाणी म्हनला. माह्या अडाणीपनावर तुहा लई भरोसा, माह्यावर नाही.

गफ्फारभाऊच्या दुकानात बी तो पैलवान उभा होता. मी म्हटलं, तुमाले मालूम हाय आत काय हाय, मंग काहून इकता? त्यायनं दुपारी सारे पैलवान बोऱ्यात भरून मांगच्या खोलीत नेले. उद्या बाहेर आनले तं मी पुन्हा इचारीन.

मी तांड्यात येतो, पन त्याच्या आंधी हे पत्र तू तांड्यात वाच. त्या अकरा लेकरायच्या माया बोलाव. शालिग्रामचं पोरगं बी सांजचं ठेचकाळते, मी आपल्या डोळ्यानं पायलं. त्यायले बी वाटून राह्यलं की गोमतीच्या काजळानं डोळे चांगले होते. त्यायले सांग. सारं वाच, मधात थांबू नोको. अर्धं तू एक डाव वाचलं हाय."

गफ्फार


मानोरा,
३० जानेवारी १९५५

गोमती,

हे पत्र गफ्फारच्या पत्त्यावर लिहितो आहे. तो तुला वाचून दाखवेल, आणि तो पूर्ण वाचतो.

आज दुपारी नायकाच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. अकराही जणी आल्या, त्यांची माणसंही आली. मी कागद खरवडल्याचं वाचलं आणि थांबलो. पाणी मागितलं. रामीबाई म्हणाली, "पानी मंग पेजो. वाच." पुढे लाथ मारल्याचं आलं तिथे पुन्हा थांबलो, तेव्हा त्यातल्या एका पोराचा बाप देवला उठून उभा राहिला आणि मला वाटलं हा आता मला मारतो. त्याने मारलं नाही. तो फक्त उभा राहिला आणि मी संपवेपर्यंत बसला नाही.

मग शालिग्रामच्या बायकोने विचारलं, "ते तेल मच्छीचं हाय ना? मंग मच्छीचं म्हन ना मास्तर, आमी का खाऊन टाकून राह्यलो तुले?" मी मोठ्याने सांगितलं, समुद्रातल्या माशाच्या कलेजीचं तेल आहे, वास घाण आहे, पोटात घ्यायचं आहे. दहा जणी हो म्हणाल्या. अकरावी लखमा, तिच्या घरी मच्छी खात नाहीत. तिने स्वतःच विचारलं की दुसरं काय चालेल. मी शेवग्याचा पाला सांगितला. तो तिच्या दारातच आहे. एकीनेही बाटली फेकली नसती, गोमती. विचारायला मला अर्धा तास लागला.

गफ्फारला सांग, दहा बाटल्या मोहनसिंगकडे दे. मी पैसे पाठवतो आहे आणि या वेळी ते परत आलेले चालणार नाहीत. कागद तसेच राहू दे. प्रत्येक घरी मी आधी कागद वाचून दाखवणार आहे, मग बूच काढणार आहे. त्याच्या दुकानाबद्दल मी जे बोललो होतो तेही आज त्याच ओट्यावर उभा राहून परत घेतलं.

सगळे उठायला लागले तेव्हा रामीबाईने विचारलं, "मास्तर, मंग पोरीचा डोळा कोनाच्यानं गेला?"

मी म्हणालो, "माह्याच्यानं गेला."

हे तुझ्या पत्रात नव्हतं. पण तू सारं वाच म्हणाली होतीस.

लखीराम